पदरची आच

आचाऱ्यांना घरी साधा चहाही धड जमत नसे. एक तर दूध उतू जाई, नाहीतर पूड टाकायचीच राहून जाई. तरी कारखान्यात लहानथोर सगळे त्यांना आचारी म्हणत, कारण दिवसभर ते शिजवण्याचंच काम करत. शिजवत मात्र काड. गव्हाचे दाणे काढून घेतले की जे पिवळं, पोकळ, कुणाला नको असलेलं काड उरतं ते ट्रक भरभरून येई, आणि आचारी ते दोन माणसं उंचीच्या पोलादी भांड्यात घालून, झाकण आवळून, वर वाफ सोडत. हा स्वयंपाक जेवायला बसणारं कुणी नव्हतं, म्हणून नावं ठेवणारंही कुणी नाही, असं ते स्वतःच म्हणत.

कारखाना म्हणायचा तो म्हणण्यापुरताच. एक पत्र्याची शेड, तिला चिकटून काचेच्या खिडक्यांची प्रयोगशाळा आणि मागे एक म्हातारा बॉयलर. काडातून काय काय निघू शकतं ते इथे करून दाखवायचं, जमलं तर पुढे मोठा कारखाना, नाही जमलं तर दाराला कुलूप, असा एकूण मामला होता. प्रयोगशाळा ज्यांच्या हाती होती त्या मॅडम वयाने आचाऱ्यांच्या धाकट्या बहिणीएवढ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी आचाऱ्यांना काडाची एक कांडी मोडून दाखवली होती.

"काका, यात तिघं राहतात," त्या म्हणाल्या होत्या. "एक धागा, एक साखर, आणि या दोघांना घट्ट धरून ठेवणारा तिसरा. तिघांना वेगळं काढायचं. पण असं, की वाटणीत कुणाचा हात मोडता कामा नये."

वाटणी अशी होई. बारीक कापलेलं काड, पाणी, मद्यार्क आणि चवीपुरतं म्हणावं एवढं आम्ल भांड्यात जाई. शिजलं की धागा लगद्याच्या रूपाने खाली राही. वरचा काळपट रस गार पाण्यात धार धरून ओतला की त्यातून तपकिरी भुकटी खाली बसे, आणि वरच्या पाण्यात साखर उरे. रस गारच पाण्यात ओतायचा. घाईने गरमागरम पाण्यात ओतला तर भुकटीचं डांबर होतं आणि पिंप घासताना सगळ्यांना आपापले आईवडील आठवतात. त्या भुकटीला मॅडम लिग्निन म्हणत. बाकी सगळे तिला तपकीर म्हणत, आणि नव्या माणसाला एक चिमूट ओढून बघ असा आग्रह हमखास होई.

आचारी इथे येण्याआधी अर्धं आयुष्य कागदाच्या गिरणीत होते. तिथेही काडच शिजवायचे, पण तिथला हिशेब एकमार्गी होता. धागा तेवढा आपला, बाकीचा काळा रस सरळ भट्टीत जाळायचा. लगदा पांढरा निघाला पाहिजे, मऊ निघाला पाहिजे, आणि त्यात एकही कुसळ दिसता कामा नये. कुसळ दिसलं की कागद करणारे लोक ते चिमटीत धरून शिजवणाऱ्याच्या दारात येत आणि चारचौघांत विचारत, "हे कच्चं कुणाचं?" आचाऱ्यांना हा प्रश्न उमेदवारीत एकदाच विचारला गेला होता. पण त्या दिवशी कान जे तापले, ते त्यांच्या मते अजून पुरते निवले नव्हते.

त्यानंतर गिरणीतल्या थोरल्या मिस्त्रींनी त्यांना बाजूला घेऊन एक गोष्ट शिकवली. शिजणं पुरं झाल्याची घंटा वाजते, वाफ बंद होते. मग गार पाण्याचा व्हॉल्व्ह हाताने उघडायचा असतो. तो लगेच उघडायचा नाही. हात पुसायचे, गमछा झटकायचा, इकडे तिकडे बघायचं. चुलीवरून उतरवून झाकून ठेवलेल्या पातेल्यासारखं आतलं तेवढ्या वेळात आणखी मुरतं. "घंटेपर्यंतची आच मालकाची," थोरले मिस्त्री म्हणाले होते, "त्यानंतरची आपल्या पदरची." गिरणीतला प्रत्येक शिजवणारा ही पदरची आच देई. ती कुठे लिहिलेली नव्हती, कुणी विचारतही नव्हतं. ज्याच्या त्याच्या इज्जतीचा प्रश्न होता तो.

नव्या कारखान्यातही आचाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून पदरची आच दिली. लगदा असा निघाला की कारखान्याचे साहेब तो पाहुण्यांना ओंजळीत घेऊन दाखवत. दुसऱ्या पाळीला दोघंजण लागले तेव्हा आचाऱ्यांनी त्यांनाही हात पुसणं आणि गमछा झटकणं मन लावून शिकवलं.

आता त्यांच्या बायकोविषयी सांगायला हवं, कारण गोष्ट खरी तिचीच आहे. ती सुताराची मुलगी. बाप रंधा मारायचा तेव्हा ही खाली बसून लाकडाच्या सालपटांतल्या रेषा जुळवत बसायची. पुढे तेच तिचं काम झालं. एका फर्निचरच्या कारखान्यात ती फळ्यांवर चांगल्या लाकडाचे पातळ पापुद्रे चिकटवायची. दोन पापुद्रे असे शेजारी लावायची की एकाच्या रेषा दुसऱ्यात शिरून मोठं पान उमटल्यासारखं दिसे. फळी प्रेसमधून निघाली की ती नखाने तिच्यावर टकटक करत जाई. कुठे डिंक धरला नसेल तर तिथला आवाज पोकळ येतो, आणि तो तिला प्रेसचा घरघराट चालू असतानाही ऐकू येई. लग्नानंतर महिनाभर ती घरातल्या भिंतींवरही टकटक करत होती, असं आचारी सगळ्यांना सांगत. ती म्हणे, "आणि तुमच्या डोक्यावर करायची राहिली."

फळ्यांना लावायचा डिंक मात्र वाईट होता. प्रेसमध्ये तापला की त्याची वाफ डोळ्यांत मिरच्यांसारखी झोंबे. आधी बरीच वर्षं नुसते डोळे लाल होत. मग खोकला लागला. मग खोकल्याबरोबर छातीत शिट्टी वाजू लागली. डॉक्टरांनी छाती तपासली, आणखी एकदा तपासली, आणि म्हणाले की हा डिंक तरी सोडा, नाहीतर काम तरी. मालक वाईट माणूस नव्हता. पंखे लावले, खिडक्या मोठ्या केल्या. पण दुसरा जो जो डिंक आणून बघितला, तो दमट हवेत सुटायचा, आणि सुटलेलं कपाट परत आलं की मालकाचा जीव खालीवर व्हायचा. शेवटी तिनेच ठरवलं. हातातली कपाटांची दारं या महिनाअखेर संपतील, मग काम बंद. ठरल्यावर तिने रडारड केली नाही. नुसती येता जाता घरातल्या टेबलाच्या कडेवरून हात फिरवत राही. ते आचाऱ्यांना बघवत नसे.

त्यांना बघवत नसे याला आणखी एक कारण होतं. तपकिरीपासून डिंक होतो. काडात असताना ज्याचं कामच मुळी धरून ठेवण्याचं, तोच तो तिसरा. त्याला दुसरीकडे धरायला लावायचं. मॅडमनी प्रयोगशाळेत वाटीएवढ्या भांड्यात काड शिजवून तपकीर काढली होती आणि तिचा डिंक केला होता. त्याला वास जवळजवळ नव्हता, वाफ झोंबत नव्हती, आणि चिकटवलेले तुकडे उकळत्या पाण्यातही सुटले नव्हते. त्यातला एक तुकडा घेऊन आचारी त्या दिवशी घरी आले ते छाती फुगवूनच. "तुझा डिंक आता मी शिजवणार," त्यांनी बायकोला सांगितलं होतं. ती म्हणाली, "चहाचं आधी बघा." पण तिने तो तुकडा धुऊन, पुसून ओट्याच्या फळीवर ठेवला होता.

त्याला सहा महिने होऊन गेले. छोट्या भांड्यात जमलेलं मोठ्या भांड्यात जमेना. मोठ्या भांड्यातली तपकीर गडद निघे, मॅडमनी केलेल्या तिच्या डिंकाने बायको आपल्या कारखान्यात फळी चिकटवे, प्रेस करे, मग तुकडे उकळत्या पाण्यात टाके, आणि पापुद्रा नखाने उचकटून हातात येई. दर वेळी तीच गत. मॅडमनी काडवाल्याला धारेवर धरलं की तू भिजलेलं काड देतोस. पाणी तपासलं. आम्ल बदललं. आचारीही मान डोलावत म्हणत की काडातच खोट आहे, हल्ली पूर्वीसारखं काड येत नाही. मनापासून म्हणत. शेवटी साहेबांनी बैठक घेतली. लगदा उत्तम आहे, गिऱ्हाईक खूश आहे, साखरेचंही जमेल, तपकिरीच्या मागे आता लागू नका. पुढच्या आठवड्यात नवं आम्ल घालून शेवटचा एक घाणा करा. नाही जमलं तर तपकीर बॉयलरमध्ये. कागदाच्या गिरणीत जन्मभर जाळलेली वस्तू इथेही जळणार, एवढंच. 

त्या रविवारी दुपारी बायको मागच्या पायरीवर बसून डिंक लावायची पाती खरवडत होती. वाळलेल्या डिंकाच्या खपल्या खाली पडत होत्या. आचारी शेजारी येऊन बसले, आणि काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "एवढा वाया जातो. दळून पुन्हा नाही का वापरता येत?"

"कसा येईल," ती म्हणाली. "हा धरून बसलाय की आधीच. याचे हात एकमेकांत गुंतलेत. दळून भुकटी केलीत तरी लाकडाला धरायला हात मोकळे नकोत?"

ती पुन्हा खरवडू लागली. आचारी तसेच बसून राहिले. हे त्यांनी आधी कुठेतरी ऐकलं होतं. मॅडमच म्हणाल्या होत्या, कामावर घेतानाच म्हणाल्या होत्या, की जास्त शिजलं तर हा तिसरा आपला आपल्यातच गुंतून बसतो, मग तो कुणाच्या उपयोगाचा नाही. म्हणून घंटेला शिजणं थांबलंच पाहिजे. त्यावर आचारी हो म्हणाले होते. मनात म्हणाले होते, घंटेला थांबतंच की. पदरची आच ते शिजण्यात धरतच नव्हते. गिरणीत कुणीच धरत नसे. हात पुसायला लागणारा वेळ कुणी कामात मोजतं का?

त्यांनी खाली पडलेली एक खपली उचलली. गडद होती, चकचकीत होती, आणि चिमटीत दाबली तर बोटाला जराही चिकटत नव्हती. आपल्याकडची तपकीर अशीच आहे, त्यांना वाटलं. डिंक होण्याआधीच धरून मोकळी झालेली.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले, आणि उठून आत गेले. त्यांना तिच्याकडे बघवेना.

संध्याकाळपर्यंत त्यांना एक सोपी वाट सापडली होती. काही बोलायचंच नाही. शेवटच्या घाण्याला घंटा झाली की निमूट व्हॉल्व्ह उघडायचा. तपकीर चांगली निघेल, डिंक धरेल, सगळे म्हणतील नव्या आम्लाने काम केलं. बायकोचं काम राहील, आपली अब्रूही राहील. सापही मेला आणि काठीही शाबूत. मिळालेली नोकरी या वयात घालवायची, ती कशासाठी? त्यांनी या वाटेवर मनातल्या मनात बऱ्याच फेऱ्या मारल्या, आणि दर फेरीला दुसऱ्या पाळीतले ते दोघं आडवे आले. ते दोघं गमछा झटकतच राहणार होते. एक घाणा धरणार, पुढचे दोन सुटणार, आणि मॅडम बिचाऱ्या आम्लाच्या बाटल्या हुंगत बसणार. दोघांना थांबवायचं तर त्यांना कारण सांगावं लागणार, आणि त्यांना सांगायचं तर मग मॅडमनी काय घोडं मारलंय?

सोमवारी सकाळी त्यांनी प्रयोगशाळेच्या दारात चपला काढल्या. तिथे कुणी चपला काढत नाही. मॅडमनी वर बघितलं.

"मॅडम, खोट काडात नाही. माझ्यात आहे," ते म्हणाले, आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. मध्ये कुठे अडखळले नाहीत. अडखळलो तर पुढे बोलणं जमणार नाही हे त्यांना माहीत होतं.

मॅडम संगणकाकडे वळल्या. भांडं किती तापलं याची रेघ पडद्यावर आली. रेघ चढत होती, सपाट होत होती, घंटा झाली तिथे एक खूण होती. खुणेपुढे ती खाली यायला हवी होती. ती आणखी बरंच अंतर तशीच सपाट चालली होती. मॅडमनी दुसऱ्या घाण्याची रेघ काढली, तिसऱ्याची काढली. सगळ्या सारख्याच.

"मी काडवाल्याला चोर म्हणाले, काका," त्या म्हणाल्या. "तोंडावर म्हणाले."

आचारी खाली बघत राहिले.

"तुम्ही सहा महिने रोज हे केलंत. मी तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं." त्यांचा आवाज चढला आणि मग मध्येच उतरला. "ही रेघही पहिल्या दिवसापासून इथेच आहे. घंटेनंतरची मी कधी बघितलीच नाही. शिजून झालं, आता निवेल, असं धरून चालले." त्या उठून बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा तोंड धुतलेलं दिसत होतं. साहेबांना त्यांनी आचाऱ्यांचीही चूक सांगितली आणि स्वतःचीही. साहेबांनी त्यानंतर आचाऱ्यांना बोलावून जे ऐकवलं ते इथे सांगण्यात काही अर्थ नाही. आचाऱ्यांना ते सगळं कबूलच होतं. नोकरीचं पुढे बघू, असं म्हणून साहेबांनी विषय लोंबकळत ठेवला. घाणा मात्र करायचा ठरला. आम्ल जुनंच ठेवायचं, काडही तेच. बदलायचा तो फक्त आचाऱ्यांचा हात.

सांगायला सोपं आहे. त्या दिवशी आचारी व्हॉल्व्ह धरूनच उभे होते. घंटा झाली, आणि हात आपोआप गमछ्याकडे निघाला. त्यांनी तो ओढून परत आणला आणि व्हॉल्व्ह फिरवला. गार पाणी भांड्याभोवती धावू लागलं. कच्च्यावर पाणी, त्यांचं मन म्हणत होतं, कच्च्यावर पाणी. भांडं उघडलं तेव्हा लगदा पिवळट निघाला, जरा राठ, आणि त्यात कुसळं सरळ डोळ्यांनी दिसत होती. दुसऱ्या पाळीतला एकजण पाळीवर येताच वाकून बघायला लागला.

"हे कच्चं कुणाचं?" त्याने विचारलं. त्याच्या मनात काही नव्हतं.

"माझं," आचारी म्हणाले. कान तापलेच. पण ते तिथून हलले नाहीत.

तपकीर नेहमीपेक्षा थोडी कमी निघाली. रंगाने मात्र फिकी होती, दूध घातलेल्या कॉफीसारखी. मॅडमनी ती चिमटीत घेऊन खिडकीशी नेली आणि पुष्कळ वेळ बघितली. मग डिंक कालवायला जेवण सोडून बसल्या.

दुसऱ्या दिवशी फर्निचरच्या कारखान्यात बायकोने तो डिंक फळीवर ओढला. पापुद्रा बसवला, रेषा जुळवल्या, प्रेस खाली घेतली. प्रेसमधून वाफ आली तेव्हा तिने सवयीने तोंड बाजूला केलं, आणि मग हळूच परत वळवलं. फळी निवल्यावर तिने तुकडे कापून उकळत्या पाण्यात सोडले आणि ती बाकीची दारं करायला निघून गेली. आचारी आणि मॅडम पातेल्याशी पाहुण्यांसारखे बसून राहिले. बऱ्याच वेळाने ती आली, तुकडा चिमट्याने काढला, कडेला पटाशी लावली आणि हातोडीने ठोकली. पापुद्रा निघाला, पण सरळ नाही. खालच्या फळीचं लाकूडच त्याच्याबरोबर फाटून आलं होतं. डिंक जिथल्या तिथे होता. तिने दुसरा तुकडा ठोकला, तिसरा ठोकला. दर वेळी लाकूड हरलं.

मालक कधी मागे येऊन उभे राहिले ते कळलं नव्हतं. "उरलेली दारं याच डिंकाने करून बघा," ते म्हणाले. मॅडमनी लागेल तेवढा चाचणीचा माल द्यायचं कबूल केलं. बायको फळीवरची लाकडाची तुसं बोटाने गोळा करत होती. गोळा करता करता तिला हसू येत होतं, आणि ते लपवायला जमत नव्हतं. आचाऱ्यांनी तिला असं हसताना फार दिवसांत बघितलं नव्हतं. म्हणूनच त्यांना वाटलं की आता सांगितलंच पाहिजे. उद्या मॅडमच्या तोंडून कळण्यापेक्षा आज आपल्या तोंडून.

घरी परत जाताना, गोदामांच्या लांब भिंतीशेजारून चालता चालता त्यांनी तिला सांगितलं. मॅडमना सांगितलं तसं एका दमात जमलं नाही. तिने मध्ये विचारलं, "म्हणजे पहिल्या घाण्यापासून?"

"पहिल्यापासून."

"थंडीत मला तीन दिवस आडवं होता येत नव्हतं. उशीला टेकून बसले होते. तेव्हा?"

"तेव्हाही. घंटेला उघडलं असतं तर हा डिंक तुला तेव्हाच मिळाला असता," ते म्हणाले. "तुझी छाती अजून बिघडली ती माझ्यामुळे."

नाही हो, असं काही ती म्हणेल, असं त्यांना कुठेतरी वाटत होतं. 

"हो," ती म्हणाली. "तुमच्यामुळे."

आचाऱ्यांनी मान हलवली.  भिंत संपली, कोपरा आला, तिथे ती पुन्हा बोलली.

"मालकांना मी सांगून टाकलंय, महिनाअखेर मी कुठे जात नाही म्हणून. आता माल कमी पडला तर तोंडघशी मी पडणार. उद्या येताना डिंकाचे दोन डबे आणा."

"आणतो."

"लगद्याला कुणी हसलं तरी आणा."

"आणतो," आचारी म्हणाले.

ती पुढे निघाली. थोडं गेल्यावर तिला खोकल्याची उबळ आली, तशी एका खांबाला हात टेकून ती उभी राहिली. आचारीही तिच्यामागे थांबले, आणि तिच्या छातीतली शिट्टी थांबेपर्यंत ऐकत राहिले.